झाडं वाढली आणि पतंग अडचणीत आला: वाळूच्या टेकड्यांचं उलटं गणित

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर दहा-वीस माणसं हातमोजे घालून झुडपं उपटतायत, कुठे तर चक्क जेसीबी लावून गवताचा थरच्या थर खरवडून काढलाय, आणि खाली लिहिलंय की हे निसर्गसंवर्धनाचं काम चालू आहे. असे फोटो-व्हिडिओ हल्ली बऱ्याच देशांतून येतात आणि बघून कुणाचंही डोकं चक्रावणारच, कारण आयुष्यभर ऐकलंय काय तर झाडं लावा, हिरवळ वाढवा, आणि इथे हे लोक हिरवं ते काढतायत आणि उघडीबोडकी वाळू दिसली की खूश होतायत. वेड लागलंय का यांना? तर नाही. पण हे नीट कळायला एखादा प्राणी धरून चाललं तर सोपं जातं, म्हणून इथे एक पतंग घेतलाय. कॅनडा आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर राहतो, नाव सँड-व्हर्बिना मॉथ.

## आधी हा पतंग कोण ते बघू

पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येऊन आपटतात तेच, फुलपाखरांचे भाऊबंद. अंडं, त्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पंखवाला पतंग, हा सगळा क्रम दोघांचा सारखाच. यातली खाण्याची खरी कामगिरी अळीची असते, पंखवाला पतंग थोडे दिवस जगतो, मध पितो, जोडी जमवतो, मादी अंडी घालते आणि खेळ संपतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपला हा पतंग दिसायला काही फार देखणा वगैरे नाही, पंख पसरले तर साडेतीन-चार सेंटीमीटर, रंग तपकिरीकडे झुकणारा. शास्त्रीय नाव कोपाब्लेफॅरॉन फस्कम, जे एकदा वाचून सोडून दिलं तरी चालेल. जिम ट्रूब्रिज आणि लार्स क्राबो या दोघांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे बघा, माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला पंचवीसेक वर्षं उलटली होती तरी व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटलसारख्या शहरांपासून फार लांब नसलेल्या किनाऱ्यावरचा हा पतंग विज्ञानाच्या दप्तरी नव्हता. आणि नाव मिळून दहा वर्षंही झाली नाहीत तोवर, २००३ मध्ये, कॅनडात धोक्यातल्या जीवांचा आढावा घेणारी जी तज्ज्ञांची समिती आहे, कोसेविक, तिने त्याला 'एन्डेंजर्ड' म्हणजे संकटग्रस्त ठरवलं.

राहतो तो अगदी मोजक्या ठिकाणी. व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जो समुद्र आहे, जॉर्जियाची सामुद्रधुनी, त्याच्या काठाने आणि तिथून खाली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या आतल्या समुद्राच्या काठाने. कॅनडाकडे गूज स्पिट, सँडी आयलंड, कॉर्डोव्हा स्पिट, अमेरिकेकडे व्हिडबी बेट आणि आजूबाजूच्या काही जागा. यातल्या बऱ्याच जागा म्हणजे 'स्पिट', समुद्रात लांबवर घुसलेला वाळूचा दांडा. एका बाजूला मोठा समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पूर्ण जगात हा पतंग फक्त एवढ्याच टापूत आहे, त्यामुळे इथून गेला तर सगळीकडूनच गेला.

## एकाच झाडावर आयुष्य काढायचं म्हणजे

या पतंगाची अळी एकच वनस्पती खाते. यलो सँड-व्हर्बिना. दुसरं काही चालत नाही, शेजारी कितीही हिरवंगार उगवलेलं असू दे.

ही वनस्पती आपल्या गुलबक्षीच्या आणि बोगनवेलीच्या कुळातली, पण वाढते एकदम वेगळी. जमिनीलगत पसरते, पानं जाडसर मांसल, खाली जाडजूड लांब मूळ, आणि पिवळ्या सुवासिक फुलांचे गुच्छ. वर वाळू येऊन पडली तरी मरत नाही, वाळूतून पुन्हा वर येते आणि तिच्या आडोशाला अजून वाळू साठून छोटासा उंचवटा तयार होतो. मोकळ्या वाळूत जगायचं तंत्र तिला पक्कं जमलेलं आहे पण दाटीवाटीत, दुसऱ्या झाडांच्या सावलीत तिचा टिकाव लागत नाही.

मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत पतंग उडतात, तेही संध्याकाळ उतरली की. सँड-व्हर्बिनाच्या फुलांतला मध पितात, तसं करताना परागकण इकडून तिकडे जातात, आणि मादी त्याच फुलांमध्ये अंडी घालते. अंड्यातून आलेली अळी फुलं आणि पानं खाते, रात्री खाते, दिवसा त्याच झाडाखाली वाळूत लपते. थंडी पडली की वाळूतच मुक्काम, वसंतात परत खाणं सुरू, मग वाळूतच कोष आणि मेमध्ये नवीन पतंग. वर्षाला एकच पिढी. थोडक्यात अंडं ते पतंग सगळं एका झाडावर नाहीतर त्याच्या बुडाशी वाळूत, बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ शून्य.

आता इथे एक गंमत आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सँड-व्हर्बिनाची पानं आणि देठ चिकट असतात, बारीक ग्रंथींमधून चिकट द्रव येतो आणि उडणारी वाळू त्याला चिकटून बसते, झाड जवळून बघितलं तर वाळूचे दाणे सगळीकडे डकवलेले दिसतात. हे कशाला? दोन शक्यता होत्या, एकतर वाळूने माखलं की झाड आजूबाजूच्या वाळूत मिसळून जातं आणि खाणाऱ्याला दिसत नाही, किंवा मग वाळू दातात कचकचते म्हणून खाणारे लांब राहतात. कॅलिफोर्नियातल्या एरिक लोप्रेस्टी आणि रिचर्ड कार्बन यांनी २०१६ मध्ये याचा एक साधा पण भारी प्रयोग प्रसिद्ध केला. याच वनस्पतीच्या काही पानांवरची वाळू त्यांनी काढून टाकली, तर ती पानं जास्त खाल्ली गेली. मग काही देठांना जमिनीशी जुळणाऱ्या रंगाची वाळू लावली आणि काहींना देठाशी जुळणारी हिरवी वाळू, म्हणजे ही देठं जमिनीवर उठून दिसणारी. लपण्याचा मुद्दा खरा असता तर हिरव्या वाळूवाली जास्त खाल्ली जायला हवी होती, पण दोघांमध्ये फरक पडला नाही, दोन्ही सारखीच वाचली. याचा अर्थ लपाछपी वगैरे काही नाही, कचकच हेच हत्यार.

आणि आपली अळी जन्मभर हीच पानं खाते. बाकीचे ज्या ताटावरून उठून जातात तिथे ही मांडी ठोकून बसलीय, त्यामुळे स्पर्धा कमी. पण त्याची किंमत अशी की ताट एकच आणि ते उचललं गेलं की उपास.

## वाळूची टेकडी उभी कशी राहते

भूगोलाच्या पुस्तकात जिला वालुकागिरी म्हणतात ती टेकडी बनायला तीन गोष्टी लागतात. कोरडी वाळू, जोराचा वारा आणि काहीतरी अडथळा, एखादं झाड किंवा वाहून आलेला ओंडका. वाळूचे दाणे धुळीसारखे हवेत तरंगत नाहीत, ते उड्या मारत पुढे जातात, वाऱ्याने दाणा उचलला, थोडं पुढे जाऊन खाली आपटला, आपटताना अजून दोन-चार दाणे उडवले, असं करत करत गुडघ्याच्या खालीच वाळूचा अख्खा पडदा सरकत राहतो. अडथळा आला की तिथे वारा मंद होतो, दाणे पडतात, ढीग वाढतो, ढिगामुळे वारा अजून मंद होतो, अजून ढीग.

पण ही वाळू मुळात येते कुठून? या भागात तिचं उत्तर हिमयुगात आहे. पुढे सरकत येणाऱ्या बर्फाच्या प्रचंड लाद्यांमधून वितळलेल्या पाण्याने वाळूचे जाडच्या जाड थर आणून टाकले, भूशास्त्रात त्या थरांना 'क्वाड्रा सँड' असं नावच आहे. आज समुद्रकाठी त्यांचे उंच कडे उभे आहेत. लाटा कड्याचा पाया खातात, कडा थोडा थोडा ढासळतो, ती वाळू लाटा-प्रवाह किनाऱ्याने वाहत नेतात आणि पुढे जाऊन टाकतात. गूज स्पिटचंच बघा, कोमॉक्स गावाजवळ विलेमार ब्लफ्स नावाचे कडे आहेत, ते ढासळतात त्या वाळूवर गूज स्पिट पोसलं जातं.

यालाच गाळाचं बजेट म्हणतात आणि ते खरंच घरखर्चासारखं चालतं. कड्यावरून येणारी वाळू हा पगार. वादळात समुद्र ओढून नेतो, वारा आत उडवून नेतो तो खर्च. टेकड्या म्हणजे शिल्लक. पगार चालू आहे तोवर एखाद्या महिन्यात मोठा खर्च झाला तरी फार बिघडत नाही, पुन्हा शिल्लक पडते. आता कड्यावर घरं असतात, कडा ढासळतोय म्हटल्यावर घरमालक घाबरणारच, ते कड्याच्या पायथ्याला दगडांची भिंत घालतात. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तरी तेच केलं असतं. पण भिंत घातली की पगार बंद. आणि परिणाम भिंतीपाशी दिसत नाही, तो दूर स्पिटच्या टोकाला दिसतो, काही वर्षांनी, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या पटकन डोक्यातही येत नाही.

## मग हिरवळीने बिघडलं काय?

उघड्या वाळूत सुरुवातीला मोजकीच झाडं तगतात, खाऱ्या वाऱ्याला, वाळूच्या माराला आणि खत नसलेल्या जमिनीला न घाबरणारी. सँड-व्हर्बिना त्यातलीच. त्यांची पानं गळतात, कुजतात, वाळूत थोडा कस येतो. मग शेवाळ धरतं, शेवाळाने वाळू बांधली जाते, मग गवत येतं, गवतामागून झुडपं, शेवटी जंगल. इकॉलॉजीत याला सक्सेशन म्हणतात, एका वनस्पतीने जागा तयार करायची आणि दुसरीने येऊन पहिलीला बाहेर काढायचं. सँड-व्हर्बिनाचा नंबर पहिल्या टप्प्यात, तिच्या मागोमाग पतंगाचाही. वाळू स्थिर झाली, गवत दाटलं की दोघंही गेले.

आता कुणी म्हणेल हे तर आपोआपच होणार होतं, त्यात नवीन काय. बरोबर. हा पतंग कायम तात्पुरत्या जागेतच राहत आलाय. फरक एवढाच की पूर्वी एका ठिकाणची वाळू गवताखाली जायची तेव्हा दुसरीकडे वादळाने टेकडी फोडून नवी मोकळी वाळू तयार केलेली असायची. जुनं जातंय आणि नवं येतंय, असं ते चक्र फिरायचं. आता जुनं जातंय, आणि पूर्वीपेक्षा लवकर जातंय, पण नवं तयार होत नाही. अख्ख्या गोष्टीची मेख इथे आहे.

लवकर का जातंय, तर बाहेरून आणलेली झाडं. पिवळ्या फुलांचं स्कॉच ब्रूम नावाचं युरोपातलं झुडूप व्हँकुव्हर बेटावर आणण्याचं श्रेय (की अपश्रेय) वॉल्टर ग्रँट या स्कॉटिश वसाहतकऱ्याला देतात. १८५० मध्ये त्याने सूक इथे बिया पेरल्या, बिया मिळवल्या होत्या हवाईहून, आणि सांगतात की त्यातली फक्त तीन झुडपं जगली. तीन! आज हे झुडूप बेटभर माजलंय. त्याची मुळं हवेतला नायट्रोजन जमिनीत धरतात, शेंगवर्गी असल्यामुळे, म्हणजे आपण ज्याला जमिनीचा कस वाढणं म्हणतो ते काम ते करतं, आणि इथे नेमकं तेच नको असतं कारण वाळूत कस आला की गवतांना रान मोकळं. शिवाय त्याच्या बिया जमिनीत कित्येक दशकं जिवंत पडून राहतात.

अमेरिकेच्या बाजूला मोकळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर दुसरा एक पाहुणा आहे, युरोपियन बीचग्रास. हे मात्र मुद्दाम लावलेलं. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्कोची उडणारी वाळू रोखायला आणलं आणि पुढे विसाव्या शतकात ओरेगन, वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर सरकारी योजनांमधून लावत गेले. वाळूत गाडलं गेलं की हे गवत अजून जोमाने वाढतं त्यामुळे काम चोख झालं, वाळू थांबली. उघड्या वाळूवर अंडी घालणारा स्नोई प्लोव्हर हा छोटा पक्षी त्यामुळे अडचणीत आला. १९९३ मध्ये त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाला अमेरिकन सरकारला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं, आणि त्याच्या अडचणींमध्ये हे गवत बरंच वरच्या नंबरला आहे. म्हणजे एका सरकारी खात्याने लावायचं आणि दुसऱ्याने पैसे खर्चून काढायचं, चालायचंच.

## पंख आहेत ना, उडून दुसरीकडे जाईल की

जाईल, पण कुठे? दोन स्पिटच्या मध्ये पाणी, जंगल, गावं. आणि पलीकडे पोचला तरी तिथे नुसती वाळू असून उपयोग नाही, सँड-व्हर्बिनाचा भरपूर मोठा, फुलांनी लगडलेला ताटवा लागतो, दोन-चार रोपांवर पतंगांची अख्खी वस्ती जगत नाही. म्हणून तर ही वनस्पती कॅलिफोर्नियापासून वर कॅनडापर्यंत लांबलचक किनाऱ्यावर सापडते पण पतंग मात्र त्यातल्या एका कोपऱ्यातच.

आणि हा निदान उडतो तरी. वाळूच्या टेकड्यांवरच्या पतंगांमध्ये काही तर उडणंच सोडून बसलेत. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ओसो फ्लाको भागात सरकत्या वाळूवर एक इवलासा पतंग राहतो, अरेनिसायथ्रिस ब्रॅकिप्टेरिस, जेरी पॉवेल यांनी १९७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. नर-मादी दोघांचे पंख आखूड, उडता येत नाही, नाकतोडा मारतो तशा उड्या मारत वाळूवर पळतो आणि रात्री स्वतःला वाळूत पुरून घेतो. त्याच्या अळ्या वाळूत रेशमाच्या नळ्या करून राहतात, नळीवर वाळू चिकटलेली आणि नळी गाडल्या गेलेल्या पानादेठाला जोडलेली. ब्रिटनमध्ये बेल्टेड ब्यूटी नावाचा किनाऱ्यावरचा पतंग आहे, त्यातली मादी जवळजवळ बिनपंखांची, तिला जिथे जायचं तिथे चालत जावं लागतं. सोसाट्याच्या वाऱ्याच्या पट्टीत राहायचं तर उडणं म्हणजे समुद्रात फेकलं जाण्याचा धोका, असं पंख गमावण्यामागचं एक कारण शास्त्रज्ञ देतात. डार्विननेही बेटांवरच्या बिनपंखी भुंगेऱ्यांबद्दल हाच तर्क लढवला होता. पण असल्या प्राण्याची जागा गेली की तो दुसऱ्या जागेच्या शोधात जाणार कसा, विषयच संपला.

## निसर्गाचं निसर्ग बघून घेईल, आपण कशाला मध्ये पडा?

हा आक्षेप मला खरं म्हणजे पटण्यासारखा वाटतो, तत्त्व म्हणून. फक्त इथे लागू होत नाही. कड्याला भिंत आपण घातली, ब्रूम आपण आणलं, बीचग्रास आपण लावलं, आणि हे सगळं करून झाल्यावर 'आता निसर्गावर सोडा' म्हणणं म्हणजे नळ बंद करून टाकी भरायची वाट बघणं झालं.

## वाळू मोकळी सोडली तर समुद्र घरात येईल, त्याचं काय

ही भीती खोटी नाही. टेकडीच्या लगेच मागे वस्ती असेल तर तिथली वाळू बांधून ठेवावीच लागते आणि कुणी शहाणा माणूस तिथलं गवत काढा म्हणत नाही. पण प्रत्येक टेकडीमागे वस्ती नसते. आणि दुसरं म्हणजे, गच्च बांधलेली टेकडी जास्त सुरक्षित असते हेही सगळीकडे खरं नाही.

समुद्राला सगळ्यात जास्त घाबरून राहणारा देश कोणता, तर नेदरलँड्स, देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. शतकानुशतकं त्यांनी टेकड्यांवर गवत लावून वाळूचा कण न् कण जखडून ठेवला. त्याच डच लोकांनी २०१३ च्या सुमाराला झाउड-केनेमरलँडच्या राष्ट्रीय उद्यानात समुद्राकडच्या टेकड्यांच्या रांगेत यंत्रं लावून पाच मोठ्या खाचा पाडल्या, मुद्दाम, वाऱ्याला आत वाट मिळावी म्हणून. हिशोब असा की वाळू आत उडत गेली तर मागच्या टेकड्यांची उंची वाढत राहते, समुद्र वर येतोय तसं जमीनही थोडीथोडी वर येते, आणि मोकळ्या वाळूवरचे जीव परत येतात ते वेगळंच. अर्थात ते समुद्रतळावरची वाळू उपसून किनाऱ्याला नेमाने भर घालत असतात, त्यांनी पगार चालू ठेवलाय म्हणून त्यांना हे परवडतं, हे विसरून चालणार नाही. वेल्समध्ये केनफिगलाही टेकड्यांवरचं गवत जेसीबीने खरवडून काढलंय, तिथे फेन ऑर्किड नावाच्या दुर्मिळ फुलासाठी. म्हणजे हे एका देशातल्या चार पतंगप्रेमींचं खूळ नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या स्पिटना समुद्र वर येण्याची झळ थेट बसते, कारण मुळात त्या पाण्यापासून जेमतेम वर आहेत. वाळू हलती असेल तर स्पिट हळूहळू आत सरकू शकते. पण मागे रस्ता, पार्किंग, भिंत असेल तर सरकायला जागाच नाही, पुढून समुद्र आणि मागून काँक्रीट, मध्ये वाळू चिरडून जाते. याला कोस्टल स्क्वीझ म्हणतात.

## बरं, पण एवढ्याशा पतंगासाठी एवढा खटाटोप?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर उद्या हा पतंग गेला तर जगाचं काही अडणार नाही, कुणाचं जेवण बंद होणार नाही. उगाच 'एक किडा गेला की माणूस संपेल' असली भाषणं देण्यात अर्थ नाही, लोकांना ते खोटं वाटतं आणि बऱ्याचदा असतंही.

पण त्याच्याबरोबर काय काय जातं ते बघा. सँड-व्हर्बिनाच्या फुलांवर संध्याकाळी येणारा हा मुख्य पाहुण्यांपैकी एक, तो गेला तर झाडाच्या बी धरण्यावरही परिणाम होण्याची शक्यता. आणि या पतंगाला जे लागतं, म्हणजे हलती वाळू, मोकळी जागा, पहिल्या टप्प्यातली झाडं, ते सगळं अजून कितीतरी जीवांना लागतं, वाळूत बिळं करून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या, वाळूतल्या गांधीलमाश्या, कोळी, भुंगेरे. याचे स्वतःचे नातेवाईकही याच संकटात आहेत, कॅनडाच्या प्रेअरीत म्हणजे गवताळ मैदानात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाळूच्या टेकड्यांवर याच कुळातला डस्की ड्यून मॉथ राहतो, तिथेही टेकड्या गवताखाली जातायत आणि त्यालाही संकटग्रस्त ठरवलंय. दोन वेगळी हवामानं, रोग तोच.

## पिंजऱ्यात वाढवून सोडता येणार नाहीत का?

सोडायचे कुठे, हाच प्रश्न परत येतो. रोपं वाढवून लावता येतात, अळ्याही कदाचित पाळता येतील, पण वाळू गवताखाली गेलेलीच राहिली तर ते सगळं दोन-तीन वर्षांचं कौतुक. जागा आधी, प्राणी नंतर.

## मग प्रत्यक्षात करतात काय

आधी मोजणी. जूनच्या रात्री ताटव्याजवळ दिव्याचे सापळे लावायचे, पतंग आले तर वस्ती आहे. झुडपं काढायची तीही बघून, कारण सँड-व्हर्बिनाच्या बुडाशी वाळूत अळ्या नाहीतर कोष वर्षभर कधीही असू शकतात, तिथे कुदळ चालवली तर ज्याच्यासाठी आलो त्यालाच मारलं असं व्हायचं. लोकांच्या पायवाटा ताटव्यांपासून लांब वळवायच्या. पूर्ण बंदी घालायची गरज नसते, कारण थोडीफार पायपीट वाळू मोकळीही ठेवते, पण गाड्या आणि गर्दी ताटव्यातून गेली की रोपं तुटतात आणि खालच्या अळ्या चिरडतात. झाडांवरच्या दुसऱ्या पतंगांचा बंदोबस्त करायला हवेतून बीटीके नावाचं जिवाणूंपासून केलेलं औषध फवारतात, ते फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांनाच लागू पडतं, पण अळी कोणाची हे त्याला कळत नाही, म्हणून अशा फवारणीच्या आखणीत या जागा सोडाव्या लागतात. आणि कड्यांच्या पायथ्याशी नवीन भिंती होऊ न देणं, हे सगळ्यात कळीचं आणि सगळ्यात अवघड, कारण तिथे घरमालकांचे पैसे आणि झोप दोन्ही गुंतलेलं असतं.

ब्रूम तर एकदा काढून भागतच नाही. उपटताना जमीन हलली की खाली पडून असलेल्या जुन्या बियांना जाग येते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी बारीक रोपांचं दाट रान उगवतं, ते काढायला परत जायचं, त्याच्या पुढच्या वर्षी परत. म्हणून जाणकार मोठं झुडूप उपटत नाहीत, फुलात असताना बुडाशी कापतात, मुळं आणि जमीन तशीच राहू देतात. आणि सुरुवात जिथे ब्रूम सगळ्यात दाट आहे तिथून करत नाहीत, जिथे सँड-व्हर्बिना अजून चांगली आहे आणि ब्रूम नुकतं शिरतंय तिथून करतात.